बदल सेव्ह करायचे का?

"सर, शेवटच्या फेरीत माझी गाठ कुणाशी पडणार, ते आत्ताच सांगता का?"

हा प्रश्न माझा नव्हता. माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणींनी, रूपल आणि जुईने, मला ढकलत पंचांच्या खोलीच्या दारापर्यंत आणलं होतं. "विचारून दाखव, मग तुला मानलं," असं रूपल म्हणाली आणि लगेच खांबाआड लपली. जुई तर आधीच लपलेली.

नान्नजकर सरांना असलं काही विचारायला खरंच छाती लागायची. ते जिल्ह्याचे मुख्य पंच, निवृत्त गणित शिक्षक. सकाळी माइकवर त्यांनी सांगून टाकलं होतं, "पंचांशी दोनच कारणांनी बोलायचं. एक, चाल नियमात बसत नसेल तर. दोन, समोरची मुलगी झोपली असेल तर." कुणी हसलं नाही, कारण ते स्वतः हसले नव्हते.

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग खांबाकडे. तिथून रूपलची ओढणी दिसत होती.

"इथे जोड्या मी जुळवत नाही," ते म्हणाले आणि लॅपटॉपवर बोट आपटलं. "हा जुळवतो. मी जेवून आलो की एक बटण दाबेन, तेव्हा मलाही कळेल आणि तुलाही. त्या खांबालाही सांग."

मी तेव्हा आठवीत होते. त्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरी देतानासुद्धा पुटपुटायचे. बुद्धिबळात दोन-चार बक्षिसं मिळाली आणि माझं तोंड जे उघडलं, ते आजतागायत मिटलेलं नाही, असं आई म्हणते.

स्पर्धा बार्शीला होती, एका मंगल कार्यालयात. आदल्या दिवशी तिथे लग्न झालेलं. स्टेजवर झेंडूच्या माळा तशाच लोंबत होत्या आणि पंचांची खोली होती वरपक्षाची. दारावर तशी पाटीच होती. पंधरा वर्षांखालच्या अडतीस मुली, सहा फेऱ्या. पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जाणार. पाच फेऱ्या झाल्या होत्या आणि माझे चार गुण होते. हरले होते फक्त सोलापूरच्या ईशानीकडून, पण ती सगळ्यांनाच हरवत होती. तिचे पाच. तिची जागा पक्की होती. दुसऱ्या जागेसाठी शेवटची फेरी.

"तू केतकी बुरगुटे ना?" सर म्हणाले. "सकाळी निकाल टाकायला मदत केलीस ती?"

"हो सर."

"मग बस इथे दहा मिनिटं. कुणाला हात लावू देऊ नकोस. चार्जर सैल आहे, निघाला की लाव. मी भाकरी खाऊन येतो."

खेळणाऱ्या मुलीला पंचांच्या लॅपटॉपपाशी बसवायचं नसतं. हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं, मंगल कार्यालयाच्या मॅनेजरलाही बहुधा माहीत असेल. पण दुसरे पंच तापाने आले नव्हते, सर एका बोटाने टाइप करायचे, आणि मी सकाळपासून प्रत्येक फेरीनंतर चिठ्ठ्यांवरचे निकाल धडाधड टाकून दिले होते. आमच्याकडे अशी कामं अशीच होतात. जी समोर दिसेल तिला "ए बाळ, जरा बस गं" म्हणायचं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पाचव्या फेरीचे निकाल टाकताना मी एक निकाल उलटा टाकला होता. सबा मुजावर जिंकली होती आणि प्रणाली कदम हरली होती. मी प्रणालीला जिंकवलं. सर गुणांची यादी माइकवर वाचत असताना सबा धावत आली.

"सर, माझे चार पायजेत. तुम्ही तीन म्हनले."

"यंत्रात तीन आहेत."

"यंत्र खेळलं का प्रणालीसंगं? मी खेळले."

मागे पालकांच्या खुर्च्यांमधून कुणीतरी म्हणालं, "काय कटकट ही! गप बसावं की जरा." सबाचे कान लाल झाले, पण ती हलली नाही. पांगरीजवळच्या एका वाडीतून ती एकटी एसटीने आली होती. सरांनी दोघींचे चालींचे कागद मागवले, प्रणालीला विचारलं, आणि ती खाली बघत म्हणाली, "हो सर, हरले मी." सरांनी लॅपटॉपवर निकाल बदलला, सबाचे चार केले, प्रणालीचे तीन. माझ्याकडे पाहून नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"नंतर अर्धा तास मला घास गिळवला नव्हता.

तर मी बसले. दारातून रूपल आणि जुई आत डोकावल्या.

"आयला, केतके, तू तर पंचच झालीस!"

"आत यायचं नाही," मी सरांच्या आवाजात म्हणाले. "बोलायची दोनच कारणं."

त्या खिदळत असतानाच पडद्यावर एक चौकट उघडली. इंग्रजीत होती, पण अर्थ सरळ होता. जोड्या लावायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे. सर्व्हरवरून आत्ता डाउनलोड करायची का? खाली दोन बटणं. हो. नंतर.

"नंतर दाब," जुई म्हणाली. ती आमच्यातली शहाणी.

"का? जुनं ठेवून काय करायचंय? सरांना येत नाही म्हणून त्यांनी वर्षभर नंतर-नंतर केलं असणार." मला खरंच तसं वाटलं. घरी बाबांच्या कंप्युटरवर असले अपडेट मीच टाकायचे आणि बाबा कौतुकाने शेजाऱ्यांना सांगायचे. सर जेवून येतील, नवं सॉफ्टवेअर बघतील आणि त्या "हं"च्या जागी निदान "वा" म्हणतील, असंही वाटलं. मी "हो" दाबलं.

एक हिरवी पट्टी उगवली. पाच टक्के. अकरा टक्के. सरांच्या डोंगलला रेंज जेमतेम होती. सव्वीसवर ती थांबली आणि थांबूनच राहिली.

"अगं, सर हात धुतायत," रूपल खिडकीतून बघत म्हणाली.

"किती वेळ लागतो त्यांना हात धुवायला?"

"साबण लावतायत."

एकेचाळीस. सत्तावन्न. मी डोंगल काढून खिडकीच्या बाजूला लावला. सत्तर. पट्टी पळायला लागली. शंभर. मग दुसरी चौकट. नवी आवृत्ती चालू करण्यासाठी आधीची बंद करावी लागेल. ठीक. आणि लगेच तिसरी.

बदल सेव्ह करायचे का? हो. नाही.

"आले! रुमाल काढला!" रूपल ओरडली आणि दोघी पळाल्या.

बदल? मी कुठे काय बदललं होतं? मी तर नुसती चार्जर सांभाळत होते. उगाच "हो" म्हटलं आणि माझ्याकडून काही भलतंच सेव्ह झालं तर? मी "नाही" दाबलं.

सॉफ्टवेअर बंद झालं, नवं उघडलं. रंग जरा निळा होता, अक्षरं मोठी. स्पर्धेचं नाव, पाच फेऱ्या, अडतीस मुली, सगळं जागच्या जागी. माझा जीव भांड्यात पडला. सर आत आले तेव्हा मी हाताची घडी घालून बसले होते.

"काही झालं?"

"नाही सर. अपडेट आला होता, तो टाकला. आता अक्षरं मोठी दिसतात."

सर वाकले. "स्पर्धा चालू असताना कोण टाकतं हे..." पुढचं त्यांनी गिळलं, कारण दारात पालकांची गर्दी झाली होती. कुणाला सहाची गाडी पकडायची होती, कुणाचं बाळ रडत होतं. "बरं. जा बस जागेवर." त्यांनी बटण दाबलं आणि माइक उचलला.

"सहावी फेरी. टेबल एक, ईशानी रणसुभे आणि ऋग्वेदा पाठक. टेबल दोन, केतकी बुरगुटे आणि प्रणाली कदम..."

रूपलने पालकांच्या रांगेतून दोन्ही मुठी हवेत फेकल्या. प्रणालीशी मी आधी चारदा खेळले होते आणि चारही वेळा जिंकले होते. बाबांनी मला अंगठा दाखवला. आई उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. आनंद झाला की ती तेच करते. मला भीती होती ती सबाची. सबा माझ्याशी खेळते तेव्हा माझा वजीर कुठे गेला, हे मला तो गेल्यावर कळतं. मी जवळजवळ उड्या मारत टेबलाकडे गेले.

प्रणाली आधीच बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती. सोंगट्या सरळ करत होती, ज्या सरळच होत्या.

"...टेबल पाच, सबा मुजावर आणि मैथिली घोंगडे..."

टेबल पाच?

टेबलं गुणांप्रमाणे लागतात. वरचे गुण वरच्या टेबलावर, बरोबरीचे समोरासमोर. सबाचे चार. माझे चार. आमच्या दोघींशिवाय चार कुणाचेच नव्हते. ईशानीशी आम्ही दोघी आधीच खेळलो होतो आणि एकदा खेळलेली जोडी पुन्हा लागत नाही. मग ती पाचव्या टेबलावर कशी? आणि तीन गुणांची प्रणाली माझ्यासमोर कशी?

मी सबाकडे पाहिलं. ती टेबल पाचपाशी उभीच होती. एक पाऊल खोलीच्या दिशेने टाकलं, मग पालकांच्या खुर्च्यांकडे पाहिलं, आणि बसली.

बदल सेव्ह करायचे का? नाही.

सरांनी निकाल दुरुस्त केला होता. सेव्ह केला नव्हता. आणि मी तो पुसून टाकला होता.

"प्रणाली," मी कुजबुजले. "तू सबाकडून हरली होतीस."

"सरांनी नाव घेतलं, मी बसले."

"पण तुला माहितीये."

"तुलापण माहितीये." तिने आता पहिल्यांदा वर पाहिलं. "मग तू का नाही उठत? माझ्याशी खेळायला तुला काय दुखतंय? चारदा हरवलंयस. पाचव्यांदा हरव आणि जा राज्याला."

ती खरं बोलत होती, म्हणूनच मला तिचा राग आला.

"ऐका," माइक खरखरला. "फेरी सुरू झाली की जोड्या बदलत नाहीत. कुणाला काही विचारायचं असेल तर आत्ता." सरांनी हॉलभर नजर फिरवली. ती माझ्यावरून गेली. टेबल पाचवरूनही गेली. सबाने मान वर केली नाही. मी सोंगट्यांकडे बघत बसले. हीच मी, जी तासाभरापूर्वी खांबाआडच्या मैत्रिणींसाठी सरांना काहीही विचारायला तयार होते.

"घड्याळं सुरू करा."

अडतीस मुलींच्या टेबलांवर टकटक झाली. प्रणालीने काळ्यांच्या बाजूने घड्याळ दाबलं. माझा वेळ पळायला लागला.

मी राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. तिने टाकलं. मी घोडा काढला. तिने काढला. मी उंट बाहेर काढला. या तीन चाली मी झोपेतसुद्धा खेळते. कागदावर लिहिताना मात्र माझी पेन्सिल तिसऱ्या ओळीवर थांबली. हा कागद डाव संपल्यावर पंचांकडे जाणार. खाली माझी सही असणार.

बाबा दिसत होते. त्यांनी डोळे मिटून हात जोडले होते. कुणाकडे मागत होते कोण जाणे, पण माझ्यासाठी मागत होते. सोलापूरच्या बुद्धिबळाच्या क्लासचे फॉर्म त्यांनी आधीच आणून कपाटात ठेवलेत, हे मला ठाऊक होतं. घरी मी ते उघडून पाहिले होते.

प्रणालीने तिसरी चाल केली. माझी पाळी होती. समोरच्या पटावर मला सगळं स्वच्छ दिसत होतं. दहा-बारा चालींत ही गडबडणार, नेहमीसारखी.

मी घड्याळाचं मधलं बटण दाबलं. दोन्ही बाजू थांबल्या. हात वर केला.

सर हळूहळू आले. "काय? झोपली का समोरची?"

"सर, माझ्याकडून चूक झालीय."

"कसली?"

माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "सबाचे चार गुण आहेत. अपडेट टाकताना त्याने विचारलं होतं, बदल सेव्ह करायचे का. मी नाही दाबलं. तुमची दुरुस्ती गेली, सर. तिचे पुन्हा तीन झाले आणि प्रणालीचे चार. सकाळी निकाल उलटा टाकला तोही मीच."

सरांनी वळून टेबल पाचकडे पाहिलं.

"फेरी सुरू झालीये!" ऋग्वेदाचे वडील उठले. "आत्ताच तुम्ही म्हणालात, जोड्या बदलत नाहीत!"

"पोरगी घाबरलीय, दुसरं काय," आणखी कुणीतरी.

"हिला हरायची भीती वाटली म्हणून नाटक," असंही एकाने म्हटलं, आणि आईची पर्स खाली पडल्याचा आवाज झाला.

"सगळी घड्याळं थांबवा," सर म्हणाले. माइकशिवाय. सगळ्यांना ऐकू गेलं.

ते वरपक्षाच्या खोलीत गेले आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. माझ्या शेजारच्या रिकाम्या टेबलावर त्यांनी तो उपडा केला. आतून कार्डं निघाली, एकसारखी कापलेली, रबर बँड लावलेली. प्रत्येकावर एका मुलीचं नाव, प्रत्येक फेरीतला प्रतिस्पर्धी, रंग, निकाल. निळ्या शाईत, गणिताच्या मास्तरांच्या अक्षरात. उलट बाजूला छापलेलं होतं, "आमच्या येथे श्रीकृपेकरून..." जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं होती ती. कंप्युटर यायच्या आधी सर अशाच जोड्या लावायचे. तो आल्यावरही प्रत्येक फेरी त्यांनी कार्डांवर उतरवली होती. कुणाला न सांगता.

त्यांनी एक कार्ड वर धरलं. "सबा मुजावर. पाचवी फेरी, जिंकली. एकूण चार." दुसरं. "प्रणाली कदम. तीन." मग माइक मागवला.

"चुकीच्या निकालावर लावलेली फेरी मुख्य पंच म्हणून मी रद्द करतोय. नव्या जोड्या हाताने लागतील, वीस मिनिटं लागतील. ज्यांची गाडी आहे त्यांची मी माफी मागतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खेळाडूला पंचांच्या टेबलापाशी मी बसवलं. दुरुस्ती केली आणि सेव्ह मी केली नाही. या दोन चुका माझ्या आहेत. तिची तिने सांगितली."

वीस मिनिटं मी उभी राहून बघत होते. सर गुणांप्रमाणे गठ्ठे लावायचे, दोन कार्डं शेजारी ठेवायचे, मागे दोघी कधी खेळल्यात का ते बघायचे, मान हलवून पुन्हा उचलायचे. हॉलभर आरडाओरडा चालला होता आणि त्यांची बोटं शांत होती. मला रडू यायला हवं होतं. येत नव्हतं. मी कार्डं मोजत होते. एकदा मला त्यांच्या आधी कळलं की मैथिली आणि ऋग्वेदा आधी खेळल्यात, आणि मी "सर!" म्हणाले. त्यांनी कार्ड उचललं आणि वर न बघता म्हणाले, "खेळाडूने बोलायचं नाही." पण जोडी बदलली.

"टेबल दोन. केतकी बुरगुटे आणि सबा मुजावर."

सबा येऊन बसली. हात पुढे केला. तिचा हात गार होता.

"तू का नाही बोललीस गं?" मी विचारलं.

"एकदा बोलले तर कटकट म्हनले. दुसऱ्यांदा बोलले तर रडकी म्हनतील." तिने सोंगट्यांवरून नजर फिरवली. "तू का बोललीस?"

"घड्याळ दाब," मी म्हणाले.

आम्ही सगळ्यात शेवटपर्यंत खेळलो. पालक खुर्च्या सोडून भोवती उभे राहिले. मंगल कार्यालयाची माणसं झेंडूच्या माळा उतरवायला आली होती, तीही थांबली. मी एकदा तिचा उंट मारला आणि वाटलं, आज. मग माझा वजीर गेला. कुठे गेला ते मला तो गेल्यावर कळलं. मी राजा आडवा केला.

सबा उठली, दोन पावलं गेली, परत आली. "चांगली खेळलीस. आता मशीनला हात लावू नको मात्र," म्हणाली, आणि हसली. मी पण हसले. नंतर बाथरूममध्ये जाऊन भरपूर रडले. ते वेगळं.

निघताना सर डबा भरत होते. मी शेजारी उभी राहिले.

"सर, ही कार्डं लावायला शिकायला काय लागतं?"

हा प्रश्न मला कुणी विचारायला लावला नव्हता.

सरांनी रबर बँड लावला. "परीक्षा असते पंचांची. वय बसलं की देता येते. पण परीक्षेने काय होतं? चूक दिसली की हात वर करता यायला लागतो. आपली असली तरी." मग डब्याचं झाकण दाबत म्हणाले, "मैथिली आणि ऋग्वेदाची गाठ चौथ्या फेरीत पडली होती. तुला पाठ होतं?"

"बघत होते ना सर, सकाळपासून."

"हं," सर म्हणाले. पण हा "हं" वेगळा होता.

घरी आल्यावर आईने पिठलं केलं. माझ्या आवडीचं, म्हणजे सांत्वनाचं. बाबांनी कपाटातून क्लासचे फॉर्म काढून टेबलावर ठेवले. "एक हार झाली म्हणून काय? ईशानीसुद्धा तिथेच जाते. पुढच्या वर्षी तू सबालाही हरवशील."

मी कात्री शोधत होते.

"केतू, त्या मनूदादाच्या लग्नाच्या पत्रिका आहेत," आई म्हणाली. "अगं, कापतेयस काय? चांगल्या पंचवीस उरल्यात."

"अडतीस लागतील," मी म्हणाले. "बाबा, फॉर्म राहू द्या. पुढच्या वर्षी मी या स्पर्धेत खेळणार नाही. मी सरांच्या शेजारी बसणार आहे, खेळाडू म्हणून नाही. मला पंच व्हायचंय. आणि आई, शेजारच्या काकूंकडे जुन्या पत्रिका असतील तर आण ना, तेरा कमी पडतायत."